थैली गेली, रिव्हॉल्वर राहिले

परवा रात्री जेवताना मुलाने विषय काढला. 'बाबा, आबांचं रिव्हॉल्वर आपण ठेवून घ्यायला हवं होतं. ते नाही तर नाही, आता एखादं नवीन घेऊ. छोटं मिळतं म्हणे, कमरेला लावलं तरी दिसत नाही.' सून भाजी वाढता वाढता थांबली. सहा वर्षांचा नातू मात्र ताटावरून उठून उभाच राहिला. 'आपल्याकडे खरी बंदूक होती?' हे त्याने मला तीन वेळा विचारले, आणि तिन्ही वेळा त्याच्या डोळ्यांत जी चमक दिसली तिने माझा घास घशातच अडकला.

मुलाचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. त्याचा धंदा शेतमालाचा, सोयाबीन आणि तुरीचा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि आमच्या कारंज्याजवळच त्यावर चढता-उतरता येऊ लागले. तेव्हापासून तो नागपूरला सकाळी जातो आणि रात्री उशिरा एकटा परत येतो. दोन्ही बाजूंना मैलोगणती अंधार. त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने नुकताच परवाना काढला आहे. मी त्याला लगेच 'नाही' म्हटले नाही. म्हटले, 'रविवारी सवडीने बस. आबांनी ते त्रेचाळीस वर्षं कसं बाळगलं ते आधी ऐक, मग तूच ठरव.' त्या रविवारी जे बोलणे झाले तेच थोडे आवरून इथे मांडतो आहे. अनेक घरांत आज हाच विषय निघत असेल.

आमचे कारंजे म्हणजे एके काळची श्रीमंत पेठ. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस अशा चार वेशींच्या आतले गाव. बाहेरगावचे लोक ते श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ओळखतात, जैन बांधव इथल्या जुन्या मंदिरांसाठी ओळखतात, आणि वऱ्हाडातला शेतकरी ओळखतो तो कापसासाठी. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी छोटी 'शकुंतला' गाडी इथूनच जायची. आता ती धावत नाही, पण आमच्या लहानपणी गावाचे घड्याळ तीच होती.

आबांची अडत होती. हंगामात कापसाचा चुकारा रोखीने करावा लागे. शेतकरी बंडी रिकामी करून ओट्यावर बसे आणि नोटा मोजून घेतल्याशिवाय उठत नसे. ती रोकड कधी अकोल्याहून, कधी मूर्तिजापूरहून थैलीत घालून आणावी लागे. १९६८ साली आबांनी परवाना काढला तो या थैलीसाठी. त्या वेळी कारंजे अकोला जिल्ह्यात होते, म्हणून अर्ज अकोल्याच्या कलेक्टर कचेरीत गेला. (१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या नूतनीकरणाच्या खेपा तिकडे वळल्या.) पोलिसांची चौकशी, जामीन, ओळखी, सगळे होऊन परवान्याचे पुस्तक हाती यायला वर्ष गेले.

मग खरेदी. अमरावतीच्या एका दुकानात आबांपुढे तीन हत्यारे ठेवली गेली. सोबतच्या मुनीमजींना सगळ्यांत मोठे आवडले. दुकानदार म्हातारा होता, अनुभवी होता. तो म्हणाला, 'शेठ, हे दाखवायला चांगलं आहे. पण तुम्ही ते चार दिवस कमरेला लावाल आणि पाचव्या दिवशी गादीखाली ठेवून द्याल. जे रोज बाळगायचं ते हलकं हवं, आणि हातात पुरतं बसायला हवं.' आबांनी आखूड नळीचे, .३२ बोअरचे वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे वापरलेले विलायती रिव्हॉल्वर घेतले. मधे मोडून उघडायचे, सहा गोळ्यांचे. उघडले की आतली काडतुसे आपोआप वर उचलली जात. उघडल्याबरोबर भरलेले की रिकामे ते डोळ्यांना दिसे. आबांना तोच गुण सगळ्यांत मोलाचा वाटला.

आजही निवडीचे सूत्र तेच आहे. .३८, ९ मिलिमीटर यांसारखे सैन्य-पोलिसांचे बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्यामुळे छोट्या हत्यारांत मुख्यतः .३२ आणि .२२ उरतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे जुने .३२ रिव्हॉल्वर सुमारे ७०० ग्रॅमचे. २०१४ साली तिथूनच 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्वर आले, सुमारे ५०० ग्रॅमचे. स्त्रियांच्या पर्समध्ये मावावे असा त्यामागचा हेतू सांगितला गेला आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. त्या पगारात किती मुलींना ते परवडणार, अशी टीकाही तेव्हा झाली. २०२३ मध्ये 'प्रबल' आले. इशापूरच्या कारखान्याचे 'अशनी' हे .३२ चे पिस्तूल आहे.

रिव्हॉल्वर आणि पिस्तूल यांतला फरक मुलाला नीट समजावून सांगावा लागला. पिस्तूल चपटे असते, कपड्यांखाली कमी फुगते, म्हणून लपवायला सोयीचे. पण त्यात एक फसगत आहे. मुठीतली गोळ्यांची पेटी काढून घेतली तरी एक गोळी नळीच्या तोंडाशी भरलेली राहू शकते, आणि माणूस 'रिकामे आहे' असे समजून चाप ओढतो. रिव्हॉल्वर जाड असते, पण त्याचे चक्र उघडले की सगळी घरे एका नजरेत दिसतात. हलकेपणाचेही तसेच. हत्यार जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला जास्त, आणि जितकी नळी आखूड तितका नेम चुकायला सोपा. कमरेला सुखाचे ते हाताला अवघड, असा हा व्यवहार आहे. म्हणून विकत घेताना वजनाच्या आकड्यापेक्षा आपला हात पाहावा. मूठ पुरती धरता येते का, चाप ओढताना नळी हलते का, आणि अंधारात, घाईत, घाम आलेल्या बोटांनी ते उघडून रिकामे करता येते का, हे आधी बघावे.

आता बाळगण्याचे. आबा धोतर, बंडी आणि वर कोट घालत. सुरुवातीला त्यांनी ते कोटाच्या खिशात ठेवून पाहिले. खिसा एका बाजूला लोंबू लागला, आणि खिशातल्या किल्ल्या चापापाशी अडकू लागल्या. एके दिवशी किल्ली काढताना ते लक्षात आले आणि आबांच्या अंगावर काटा उभा राहिला. त्याच आठवड्यात त्यांनी गावातल्या चांभाराकडून जाड चामड्याचे म्यान शिवून घेतले. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, वरून बंद लागला पाहिजे आणि उलटे धरले तरी हत्यार पडता कामा नये, अशा तीन अटी घातल्या. धोतराच्या आत रुंद कातडी पट्टा आला. पायजम्याच्या नाडीवर पाऊण किलोचे लोखंड राहत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने हत्यार घेऊच नये, असे ते म्हणत. खिशात हत्यार असेल तर त्या खिशात दुसरे काही नको, हा त्यांचा आणखी एक दंडक.

सहा घरांपैकी ते पाचच भरत. घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. जुन्या हत्यारावर काही आपटले, किंवा ते खाली पडले, तर घोड्याखाली गोळी असणे धोक्याचे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. दिवसभराचा घाम चामड्यात मुरतो आणि लोखंडाला गंज चढतो. म्हणून रोज रात्री ते म्यानातून काढायचे, फडक्याने पुसायचे, शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवायचे आणि म्यानाबाहेरच कुलपात ठेवायचे. हा नेम त्यांनी संध्येसारखा पाळला. देवळात जायचे असेल तर आधी ते दुकानातल्या तिजोरीत जाई. लग्नकार्यात 'शेठ, दाखवा ना जरा' म्हणणारे दहा भेटत, आणि आबा दहाही जणांना लाडूच्या ताटाकडे पाठवत.

पण हा सगळा शहाणपणा पहिल्या दिवसापासून नव्हता. तो आला १९८४ च्या उन्हाळ्यात, एका दुपारी.

माझी बहीण माहेरपणाला आली होती. तिचा मुलगा पाच वर्षांचा. आबा शेलूबाजारहून उन्हातून आले, कोट खुंटीला टांगला आणि 'पाच मिनिटं पडतो' म्हणून आडवे झाले. पट्टा उन्हाने काचत होता म्हणून वाटेतच त्यांनी म्यान काढून कोटाच्या आतल्या खिशात कोंबले होते. पाच मिनिटांचा तास झाला. आई ताकाचा पेला घेऊन आत गेली तर पोरगा ट्रंकेवर उभा, दोन्ही हातांत रिव्हॉल्वर, आणि एक डोळा मिटून नळीत बघतो आहे.

आई ओरडली नाही. तिने पेला सावकाश खाली ठेवला. 'राजा, थे आबाचं हाय ना? खाली ठेव बरं ट्रंकेवर, अन् हे ताक पे,' असे ती रोजच्या आवाजात म्हणाली. पोराने ते ठेवले आणि ताक प्यायला आला. नंतर आई तास-दोन तास देवघरात बसून होती. घोडा चढवलेला नसला की त्या रिव्हॉल्वरचा चाप फार जड जाई. पाच वर्षांच्या बोटांना तो ओढवला नाही, एवढेच आमचे दैव.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा आला, आणि तो आईचा होता. आबा घरी आले की ती दारातच विचारी, 'अहो, मोकयं केलं काय?' आबा तिच्यासमोर ते उघडत, काडतुसे तिच्या ओंजळीत देत आणि ती मोठ्याने मोजी, 'एक, दोन, तीन, चार, पाच.' काडतुसे तिच्या डब्यात, हत्यार आबांच्या कपाटात, दोन कुलपे, दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. पाहुणे असोत, भांडण झालेले असो, ही मोजणी चुकली नाही. पुढे आम्हा मुलांनाही शिकवले गेले. घरातले कुठलेही हत्यार भरलेलेच आहे असे समजायचे, नळी माणसाकडे वळवायची नाही, आणि बोट चापाबाहेर ठेवायचे. हे तीन नियम मला पाढ्यांसारखे पाठ आहेत.

मुलाने मग जो प्रश्न विचारला तो कोणीही विचारील. 'पण आबांना ते कधी उपयोगी पडलं का?'

पडले नाही. आणि ज्या दिवशी पडायला हवे होते त्या दिवशी ते कमरेलाच होते. १९७७ साली मूर्तिजापूरच्या वाटेवर, संध्याकाळी, गाडीच्या डब्यातली गर्दी उतरत असताना दोघांनी आबांना धक्का दिला आणि थैली ओढून अंधारात उडी टाकली. अकराशे रुपये होते. आबांचा हात कमरेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. भोवती बायाबापड्या, मुले, पाठमोरे पळणारे दोन आकार. नंतर कोणी विचारले तर ते म्हणत, 'अकराशे रुपये मी दोन हंगामांत कमावले. डब्यातल्या कोणाला लागली असती तर काय कमावलं असतं?'

कायदाही आबांच्या बाजूने आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याचा गाभा एकच. बचावासाठी जितके आवश्यक तितकेच, त्याहून अधिक नाही. जिवावर बेतले असता माणूस प्रतिकार करू शकतो, पण थैली घेऊन पाठमोऱ्या पळणाऱ्यावर गोळी झाडून मग तो हक्क सांगता येईल, या भरवशावर कोणी राहू नये.

हत्यार बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, ती परवानगी आहे. आणि हे विचार करून ठरले आहे. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्ध आपल्या पुढाऱ्यांनी आवाज उठवला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. समितीने ती स्वीकारली नाही. त्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि तोच आजही चालू आहे.

आज परवाना हवा असेल तर वय २१ पूर्ण लागते. जिल्हाधिकारी, किंवा पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्त, गरज पाहून निर्णय देतात. पोलिसांचा अहवाल येतो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, शारीरिक व मानसिक प्रकृतीचा दाखला आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टी घातल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, आणि लग्न-मिरवणुकीत आनंदाने बार काढण्याला शिक्षा सांगितली. सार्वजनिक जागी छोटे हत्यार न्यायचे तर ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे आपल्याकडे लपवून बाळगणे ही हौस नव्हे, ती अटच आहे. ज्याला ते लोकांना दिसावेसे वाटते त्याने परवान्याच्या वाटेला जाऊ नये. निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश येतात. आबांनी अशी कितीतरी वेळा पावती घेतली आणि दर वेळी म्हणाले, 'चला, महिनाभर सुखाची झोप.'

मुलाला वाटले, मी पाच वर्षांच्या पोराची गोष्ट सांगून घाबरवतो आहे. तेव्हा मी त्याला दोन प्रसंगांची आठवण दिली, जे सगळ्या महाराष्ट्राने वाचले. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. आणि २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी ते गेले. ते .३२ चे पिस्तूलही परवान्याचेच होते. पहिल्या प्रसंगात क्षणाची घाई होती, दुसऱ्यात घरातला राग. महामार्गावरचा दरोडेखोर दोन्हींत कुठेच नव्हता.

आबा २०११ साली गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. तो माणूस गेला की ते लोखंड घरात ठेवणे बेकायदा होते. तेराव्याची वाटही न पाहता मी ते आणि डब्यातली काडतुसे पोलीस ठाण्यात नेऊन दिली, पावती घेतली. वारस म्हणून माझ्या नावाने परवाना मागता येत होता. मी अर्जही लिहून ठेवला होता. वडिलांची वस्तू, त्यावर त्यांच्या हाताची झीज. मन तुटत नव्हते.

आईला दाखवला. तिने चष्मा लावून अर्ज वाचला. 'कारण' या शब्दापुढे मी 'व्यवसायानिमित्त रोख रकमेची ने-आण' असे आबांच्याच अर्जातले लिहिले होते. ती म्हणाली, 'थैली कुठं हाय? थैलीसाठी आनलं होतं ना थे? चेकानं पैसे देतेस तू. मंग हे कायले?'

मला उत्तर देता आले नाही. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ ला आली तेव्हाच आबांचे कापसाचे चुकारे थांबले होते. मग ज्वारी-तुरीची रोकड होती, पुढे बँका आल्या, धनादेश आले. थैली हळूहळू लहान होत गेली आणि एक दिवस नाहीशी झाली. रिव्हॉल्वर मात्र तेवढेच राहिले. कितीतरी वर्षे आम्ही ते केवळ होते म्हणून पुसत होतो, मोजत होतो, कुलपात घालत होतो. धोका टिकला होता तो फक्त घरातला. मी अर्ज फाडला. रीतसर परवानगीने ते एका विक्रेत्याकडे गेले.

मुलाला मी शेवटी एवढेच म्हटले, 'ज्याला खरंच धमकी आहे, ज्याची वस्ती आडरानात आहे, ज्याचं कामच रोकड वाहण्याचं आहे, त्याने जरूर अर्ज करावा, शिकून घ्यावं आणि आबांसारखं बाळगावं. तू वही काढ. गेल्या वर्षात मोठी रोकड घेऊन रात्री किती वेळा आलास?'

त्याने फोनमधले हिशेब चाळले. बराच वेळ चाळले. 'दोनदा,' तो म्हणाला. 'आणि तीही बँकेतून पाठवता आली असती.'

'मग आधी ते दोनदा बंद कर. रात्रीचा एकटा प्रवास कमी कर. तरीही वाटलं तर घे. मी अडवणार नाही. फक्त एक ठरव. रोज संध्याकाळी दारात उभं राहून "मोकळं केलं का" असं विचारायचं आणि ओंजळीत पाच गोळ्या मोजून घ्यायच्या, हे काम या घरात कोण करणार?'

मुलाने बायकोकडे पाहिले. ती नातवाचे ताट उचलत होती. 'मला नका विचारू,' ती म्हणाली. 'मला त्याची शाळेची पाण्याची बाटली रोज मोजून आणवत नाही.'

मुलगा हसला. अर्जाचा विषय पुन्हा निघालेला नाही. नातू मात्र अजून अधूनमधून विचारतो, आबांची बंदूक आता कुठे आहे? मी त्याला ट्रंकेवरची ती गोष्ट सांगतो, ताकाच्या पेल्यासकट. गोष्टीतला शूर माणूस कोण, हे तो बरोबर ओळखतो.